खोपटावरचं ऊन

"खोपटापाशी ब्रेक मारू नकोस," रेडिओतून इर्मीचा आवाज आला. अजून धाप लागलेली होती तिला. "ऐकतेयस ना, बुर्गी? सकाळी ठरवलं होतं ते विसर. खोपटावर ऊन आलंय. बर्फ वरून सैल झालाय, स्कीची धार घट्ट धरते. तिथून सरळ सोड."

लोईसनं बुर्गीच्या कानाशी धरलेला रेडिओ खाली घेतला. "कळलं?"

बुर्गीनं मान हलवली. कळलं सगळं होतं. पटलं का, हा प्रश्न निराळा.

डोंगराच्या माथ्यावरच्या, शर्यत सुटायच्या लाकडी खोलीतून मुली एकामागून एक खाली सुटत होत्या. उरलेल्यांपैकी कुणी मांड्या थोपटत होती, कुणी डोळे मिटून हातानंच हवेत वळणं काढत होती. बुर्गीचा नंबर सदतीस. इर्मी तेहतीस नंबरावर उतरून गेली होती आणि लोईस, जो गेली वीस वर्षं या संघाच्या स्कींना मेण लावत आला होता, तो अजून त्याच धुंदीत होता.

"तेहतीस नंबरावरून नववी!" तो म्हणाला. "पोरीच्या गुडघ्यात अर्धं दुकान खिळ्यांचं आहे, आणि नववी! आता तू हिच्या पुढे जा, म्हणजे मी आज रात्री सुखानं पिऊन पडतो."

"तू रोजच सुखानं पिऊन पडतोस."

"रोज सुखानं नाही पडत," लोईस म्हणाला आणि वाकून तिच्या बुटांच्या तळव्याला चिकटलेला बर्फ खरवडू लागला.

काल जेवणाच्या टेबलावर प्रशिक्षक क्रानेबिटरनं सूप पिता पिता सांगून टाकलं होतं. जागतिक स्पर्धेच्या डाउनहिलला, म्हणजे या उताराच्या शर्यतीला, ऑस्ट्रियाच्या चौघी जाणार. दोन जागा भरलेल्या होत्या, त्यावर बोलायचं कारण नव्हतं. उरलेल्या दोन जागांसाठी तिघी: इर्मगार्ड म्हणजे इर्मी, नोटबुर्गा म्हणजे बुर्गी, आणि वीस वर्षांची कोर्डुला. उद्या या उतारावर तिघींत जी मागे पडेल, ती घरी. एवढं बोलून त्यानं मीठ मागितलं होतं.

बुर्गी एकतीस वर्षांची होती. तेरा वर्षं संघात काढली होती तिनं. दोनदा तिसरी आली, दोनदा कॉलरबोन मोडलं, आणि जागतिक स्पर्धा प्रत्येक वेळी तिला हुलकावणी देऊन गेली. कधी दुखापत, कधी तीन शतांश सेकंद. या वेळी गेली तर गेली, नाही तर भावाच्या गोठ्यात गाई वाट बघतच होत्या. पुढच्या हिवाळ्यात तिला कुणी संघात ठेवणार नव्हतं, हे तिला सांगायला क्रानेबिटरची गरज नव्हती.

आणि आता इर्मी सांगत होती, खोपटापाशी सरळ सोड.

खोपट म्हणजे श्टाउडरबाईचं गवत साठवायचं जुनं लाकडी खोपट. उतार उन्हाळ्यात तिचंच कुरण. शर्यतीच्या मंडळानं खोपट हलवण्यासाठी पंधरा वर्षं तिचे पाय धरले, बाईचं उत्तर ठरलेलं, "खोपट आधीचं, तुम्ही मागाहून आलात." शेवटी मंडळानं खोपटाला गाद्या बांधल्या आणि शर्यत त्याच्या कोपऱ्यावरून वळवली. कोपरा ओलांडला की गाईंच्या वाटेचा उंचवटा येतो, तो माणसाला पंचवीस-तीस मीटर हवेत फेकतो, आणि जमिनीवर पाय टेकतो न टेकतो तोच डावीकडे वळावं लागतं. वळलं नाही तर समोर जाळी, जाळीमागे झाडं. सकाळी सगळ्याजणी मार्ग बघायला सावकाश घसरत आल्या तेव्हा तिथला बर्फ काचेसारखा होता. तिघींनीही मान डोलावली होती: इथं वाकलेलं अंग सरळ करायचं, स्की क्षणभर आडव्या घालून वेग मारायचा, मगच उडी.

या संघात मुली एकमेकींचे मित्र पळवत, एकमेकींच्या मोज्यांवरून भांडत, आणि ख्रिसमसच्या जेवणाला एकमेकींकडे पाठ करून बसत. पण रेडिओची गोष्ट वेगळी होती. जी आधी उतरते ती खाली रेडिओ हातात घेते आणि वर उभी असलेल्यांना काय बघितलं ते सांगते. वरची मग ताशी शंभर-सव्वाशेच्या वेगानं त्या शब्दांवर स्वतःला सोडून देते. रेडिओवर खोटं बोलायचं नसतं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आईचं दूध पिताना जसं कळतं तसं कळतं.

बुर्गी एकदा खोटं बोलली होती.

पाच वर्षांपूर्वी, दुसऱ्या डोंगरावर. तेव्हाही एकच जागा होती आणि ती आणि इर्मी दोघी होत्या. बुर्गी आधी उतरली. दुसऱ्या उडीनंतर जिथं पाय टेकतात तिथं आधीच्या मुलींच्या स्कींच्या धारांनी खड्डा पडला होता. सकाळी तो नव्हता. त्यानं बुर्गीला असं उचलून आपटलं की ती कशीबशी उभी राहिली. खाली आली, फलकावर स्वतःची वेळ बघितली, आणि कुणीतरी तिच्या हातात रेडिओ दिला. वरून इर्मीनं विचारलं, "कसं आहे?"

"सगळं सकाळसारखंच आहे," बुर्गी म्हणाली होती.

रेडिओवर अशीच नेहमी बोलली जाणारी तीन शब्दांची गोष्ट. खड्डा एवढा काही मोठा नाही, इर्मी निभावून नेईल, असं तिनं तेव्हा स्वतःला सांगितलं आणि नंतरही सांगत राहिली. इर्मी त्या खड्ड्यातून जाळीत गेली. गुडघ्याचे सगळे लिगामेंट तुटले, नडगीचं हाड फुटलं. दीड वर्ष ती चालायला शिकत होती. बुर्गी इस्पितळात फुलं घेऊन गेली तेव्हा इर्मी म्हणाली, "माझंच चुकलं असेल," आणि बुर्गीनं ते खोडून काढलं नाही.

त्या दोघी एकाच खोऱ्यातल्या. इर्मीचं घर उन्हाच्या बाजूला, जिथं डिसेंबरातही खिडकीत जिरेनियम फुलतं. बुर्गीचं घर सावलीच्या बाजूला, जिथं नोव्हेंबरात बुडालेला सूर्य फेब्रुवारीत परत उगवतो. पलीकडची पोरं शाळेत चिडवायची, "सावलीकडच्यांना ऊन दाखवलं की ते छत्री उघडतात." पाच वर्षांपूर्वीच्या त्या दिवसापासून बुर्गीनं इर्मीच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं.

"नंबर छत्तीस," दारातला माणूस ओरडला. नॉर्वेची मुलगी सुटली. बुर्गी काठ्या हातात घेऊन दाराशी सरकली.

पण अर्ध्या मिनिटातच दारातल्या माणसानं हात आडवा धरला. "थांबा! शर्यत थांबली!"

खालच्या जंगलापाशी छत्तीस नंबर पडली होती. थोड्या वेळानं हेलिकॉप्टरचा आवाज आला. लोईसनं बुर्गीच्या खांद्यावर जाडजूड कोट टाकला आणि तिचे पाय चोळायला लागला.

"खोपटापाशी पडली का?" बुर्गीनं विचारलं.

"नाही ग. फार वर. जंगलात शिरताना."

"नक्की?"

लोईसनं वर बघितलं. "काय झालंय तुला?"

"इर्मी सरळ सोड म्हणते."

"मग सोड की! नववी आलेली बाई सांगते आहे."

"सकाळी तिथं काच होती, लोईस."

"आता ऊन आहे. अकराला येतं तिथं, मागच्या दातेरी कड्याच्या फटीतून." त्यानं रेडिओ पुढे केला. "खात्री नाही तर तिलाच पुन्हा विचार. वेळ आहे."

बुर्गीनं रेडिओकडे बघितलं. विचारायचं तर कुठल्या तोंडानं विचारायचं? इर्मी, खरं सांगतेयस ना? असं विचारलं असतं तर वरून खालपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं असतं, आणि कुणीतरी म्हणालंच असतं, असा प्रश्न सुचतो कसा हिला? खाई त्याला खवखवे. तिनं रेडिओ परत लोईसच्या हातात कोंबला.

पण मन थांबेना. इर्मी नववी आली, म्हणजे सरळच सोडली असणार, एक मन म्हणे. दुसरं म्हणे, कशावरून? खोपटापाशी ब्रेक मारूनही नववी येता येतं. आणि तुला जाळीत पाठवायला एवढी चांगली संधी पुन्हा कधी मिळणार तिला? तिला कळलंच असेल तर? नसेलच कळलं. कळलं असतं तर पाच वर्षं गप्प बसली असती? तू बसलीस की गप्प पाच वर्षं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. त्या चांदण्यात बुर्गीला खोपटाचा कोपरा, उंचवटा आणि जाळी लख्ख दिसत होती. ऊन मात्र दिसत नव्हतं.

अकरा मिनिटांनी हेलिकॉप्टर गेलं. लोईसनं कोट ओढून घेतला, तिच्या मांड्यांवर दोन सणसणीत थापा मारल्या आणि म्हणाला, "जा, माझे राणी. स्की तुझ्यापेक्षा शहाण्या आहेत, त्यांच्या मधे येऊ नकोस."

घड्याळ टूं टूं करू लागलं. पाचव्या टूंला बुर्गीनं स्वतःला डोंगरावरून ढकलून दिलं.

पहिली दहा वळणं तिला नंतर कधी आठवली नाहीत, आणि जे आठवत नाही ते बरोबर झालेलं असतं. जंगलात शिरताना छत्तीस नंबर पडली त्याची खूण, कडेच्या निळ्या रेघेचा विस्कटलेला बर्फ, डोळ्यांच्या कडेनं सरकून गेला. मांड्या पेटल्या होत्या, पण ऐकत होत्या. लोईसचं मेण आज खरंच पळत होतं. आपण चांगलं चाललोय हे तिला कळत होतं. किती चांगलं, ते फक्त खालच्या फलकाला माहीत होतं: जंगलाबाहेर पडताना ती इर्मीच्या एकवीस शतांश सेकंद पुढे होती.

मग खोपट आलं.

त्याच्या भिंतीवर ऊन होतं. पिवळंधमक, लाकडाची एकेक फळी मोजता येईल असं. इर्मी निदान तेवढं तरी खरं बोलली होती. बुर्गीनं स्वतःला बजावलं, सोड, सरळ सोड. गुडघे छातीशी होते, हात पुढे होते, सगळं जमून आलं होतं. एकच सेकंद उरला होता आणि त्या एका सेकंदात तिला आपलाच आवाज ऐकू आला, जसाच्या तसा, पाच वर्षांपूर्वीचा, किती सहज आला होता तो तोंडातून. अंग आपोआप वर उठलं. स्की आडव्या गेल्या.

आणि स्कीच्या धारेनं बर्फाला घट्ट धरलं. इतकं घट्ट की वेग एकदम अंगाखालून निघून गेला. त्याच क्षणी, अजून उडीसुद्धा मारली नव्हती तेव्हाच, बुर्गीला कळलं की इर्मी अक्षर न् अक्षर खरं बोलली होती. पुढची उडी बारीकशी झाली, वळण लहान मुलालाही जमावं असं गेलं, आणि उरलेला सगळा उतार ती हेल्मेटच्या आत स्वतःला शिव्या घालत खाली आली.

फलकावर निकाल लागला. अकरावी. इर्मीच्या मागे सदतीस शतांश.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण आधीच्यांनी उकरून ठेवलेल्या उतारावर सदतीस नंबरावरून अकरावी येणं ही काही थोडी गोष्ट नव्हे. क्रानेबिटरनं कठड्यापलीकडून अंगठा दाखवला. ऑस्ट्रियाच्या तिघींत बुर्गी आत्ता दुसरी होती. म्हणजे आत्ता या क्षणी जागा तिची होती. फक्त कोर्डुला उतरायची राहिली होती, नंबर एकेचाळीस.

इर्मी कठड्याशी उभी होती. खांद्यावर कोट, एका हातात चहाचा पेला, दुसऱ्यात रेडिओ. बुर्गी तिच्यापर्यंत घसरत गेली. इर्मीनं तिच्याकडे नीट बघितलं, खोपटाबद्दल एक शब्द काढला नाही, आणि रेडिओ पुढे केला.

"घे. आता तुझी पाळी."

जी शेवटी उतरली ती बोलते, असा रिवाज होता.

"बुर्गी?" वरून कोर्डुलाचा बारीक आवाज आला. घाबरलेली होती पोरगी. "इर्मी म्हणाली होती खोपटापाशी ब्रेक नको. खरं आहे का ते? अजून तसंच आहे? मी दोनदा ठरवलं आणि दोनदा बदललं."

बुर्गीनं बटणावर अंगठा ठेवला.

काय बोलावं हे तिला ठाऊक होतं. जिभेवर तयार होतं. सगळं सकाळसारखंच आहे. एवढंच पुरे होतं. कोर्डुला ब्रेक मारेल, सदतीस शतांश नाही तर पन्नास गमावेल, सुखरूप खाली येईल, कुणाला खरचटणारसुद्धा नाही. या वेळी तर कुणाचा गुडघाही जाणार नव्हता. तेरा वर्षं, दोन कॉलरबोनं, आणि पुढच्या पंधरवड्यात जागतिक स्पर्धा. कोण पकडणार होतं तिला? स्वतः ब्रेक मारलेली बाई दुसरीला ब्रेक मार म्हणाली, तर त्यात नवल काय?

इर्मी चहा पीत होती. तिनं बुर्गीकडे बघितलंही नाही.

"बुर्गी? ऐकू येतंय का?"

"येतंय," बुर्गी बटण दाबून म्हणाली. "नीट ऐक. इर्मी खरं बोलली. ब्रेक मी मारला, कारण माझा विश्वास बसला नाही. ती माझी चूक, बर्फाची नाही. तू मारू नकोस. उंचवट्याच्या आधी डोळे खोपटाच्या कोपऱ्यावर ठेव, पाय टेकले की सगळा भार उजव्या स्कीवर टाक. धरते ती. मी स्वतः अनुभवलंय. पूर्ण धरते."

"पूर्ण?"

"पूर्ण. सोड सरळ."

तिनं बटण सोडलं. मग रेडिओ काखेत धरला.

एकेचाळीस नंबरची वाट बघण्यात चार मिनिटं गेली.  मग मोठ्या पडद्यावर कोर्डुला दिसली. वरच्या भागात ती बुर्गीपेक्षा बरीच मागे होती, जंगलाबाहेर पडताना चाळीस शतांश मागे. बुर्गीच्या मनात क्षणभर आशा उगवली, आणि त्या आशेची तिला लाजही वाटली. खोपट आलं. कोर्डुला उठली नाही. दगडासारखी गोळा होऊन कोपऱ्यावरून गेली, हवेत लांबच लांब राहिली, टेकली, उजवी स्की बर्फात रुतली आणि ती वळली. लोकांत आरोळी उठली.

दहावी. बुर्गीच्या पाच शतांश पुढे.

कोर्डुला हात वर करून किंचाळत होती. क्रानेबिटर कठड्यावरून उडी मारून तिच्याकडे धावला. मग त्याला आठवलं, तो वळला, बुर्गीचा खांदा दाबून निघून गेला. बुर्गीला रडू आलं. तिनं ते येऊ दिलं. तेरा वर्षांचं होतं, थोडं तर वाहणारच.

"रुमाल?" इर्मीनं विचारलं.

"नको." मग ती म्हणाली, "इर्मी, पाच वर्षांपूर्वी रेडिओवर मी..."

"माहीत आहे."

बुर्गीनं चेहरा वर केला.

"इस्पितळात क्रानेबिटर सगळ्या कॅसेट घेऊन आला होता," इर्मी म्हणाली. "माझं कुठं चुकलं ते बघायला. मी माझी बघितली. मग वेळ जात नव्हता म्हणून तुझी बघितली. त्याच खड्ड्यात तुझा एक हात असा आभाळात, बस थांबवायला करतात तसा. आणि त्यानंतर तू रेडिओवर म्हणालीस, सगळं सकाळसारखंच."

"आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू? गुडघा परत येणार होता?"

"मग आज मला खरं का सांगितलंस?"

इर्मीनं उरलेला चहा बर्फात ओतला. "रेडिओवर खोटं बोलत नाहीत, म्हणून. तुझ्यासाठी नाही." मग ती म्हणाली, "आणि मला ठाऊक होतं, तू ऐकणार नाहीस."

आधी ते बुर्गीच्या नीट लक्षात आलं नाही. मग आलं. इर्मीनं काही केलं नव्हतं. तिनं फक्त खरं सांगितलं होतं आणि बाकीचं काम बुर्गीवर सोपवलं होतं. पाच वर्षांपूर्वी बुर्गी एकदा खरं बोलली असती, तर आज खोपटापाशी तिनं डोळे मिटून सरळ सोडली असती आणि पंधरवड्यानं जागतिक स्पर्धेला गेली असती. तिची जागा इर्मीनं घेतली नव्हती, कोर्डुलानंही नाही.

"बरं वाटलं तुला?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तू खोपटापाशी उठलीस तेव्हा फार बरं वाटलं," इर्मी म्हणाली. "खोटं कशाला बोलू. तू कोर्डुलाशी बोललीस तोपर्यंत टिकलं ते."

काखेतला रेडिओ खरखरला. वरून लोईस विचारत होता, बुर्गीच्या जादा स्की कुणी खाली नेणार की त्यानंच गाढवासारख्या वाहायच्या. 

"ती कॅसेट अजून आहे?" बुर्गीनं विचारलं. "माझी?"

"घरी आहे. आईच्या कपाटात, टेबलक्लॉथखाली."

"मला बघायचीय. मी कधी बघितली नाही."

 इर्मी वाकली, आणि बुर्गीची बोटं गारठून वळत नव्हती म्हणून, तिच्या बुटांचे खटके तिनंच एकेक करून उघडले.

"रविवारी ये आमच्याकडे, उन्हाच्या बाजूला," ती म्हणाली. "पण कॅसेट नेऊ नकोस, तिथंच बस आणि बघ. मी एकटीनं बघितली होती ती. एकटीनं बघण्यासारखी नाही."

बुर्गीनं रेडिओचं बटण दाबलं. "लोईस," ती म्हणाली, "तिथंच थांब. मी येते स्की घ्यायला."